शीलाचे पैंजण

मूळची बिहारची बबिता सुरतेहून लोहाऱ्याला आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. वडील, देवीलाल, तिथल्या एका कारखान्यात लागले होते. शाळेत पहिल्याच दिवशी पोरींनी तिच्याभोवती गराडा घातला. कुणी बोर दिलं, कुणी वेणीचं कौतुक केलं. बबितानं बोर घेतलं, पण खाल्लं नाही. याआधी सुरतेच्या शाळेत असंच गोड बोलून पोरींनी तिच्या बोलण्याची नक्कल केली होती. इथं तर ती पळते जोरात म्हणून खो-खोतही घेतलं. तिला वाटलं, गरज आहे तोवर हे लाड.

एका दुपारी खेळायच्या आधी वर्गातल्या शीलानं चांदीचे पैंजण काढून ठेवले आणि नंतर ते सापडेनात. बाईंनी सगळ्यांची दप्तरं तपासली. सुरुवात बबिताच्या दप्तरापासून केली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच होत्या.

दुसऱ्या दिवशी शीला पैंजण घालून आली. ते तिच्याच डब्याच्या पिशवीत निघाले होते. मग डबा खाताना सगळ्या बबिताला बोलवायला लागल्या. तिचा संशय आणखीच वाढला. आदल्या दिवशी चोर ठरवलं, आज एवढं प्रेम कशाचं?

शेवटी त्यांच्यातली मैत्रेयी आपला डबा घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. एव्हाना बबितानं इथली बोली उचलली होती. तिनं सरळच विचारलं, "माझी बॅग पयली काहून पाह्यली?"

मैत्रेयीनं हातातला घास डब्यात ठेवला. "मीनंच सांगतलं बाईले."

"काहून?"

"तू नवी होती म्हणून. दुसरं काही नोतं. चुकलं माहं."

बबिताला रडू आलं, रागही आला. आठवडाभर ती मैत्रेयीशी बोलली नाही. पण विचार करता करता तिच्या लक्षात आलं, की आल्यापासून खरं सांगणारी ही एकटीच भेटली. पुढच्या सोमवारी ती आपणहून तिच्या बाकावर जाऊन बसली.

बाकीच्यांवर तिचा भरवसा अजून बसला नव्हता. श्रावणात शीलानं तिला आपल्या तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीत, तीज सणाला बोलावलं, तेव्हा बबितानं मैत्रेयीला बाजूला घेतलं.

"तिच्या मनात काही असंल का?"

"मले काय माहीत," मैत्रेयी म्हणाली. "मी येतो तुह्यासंगं. नाही पटलं तर वापस येऊ."

दोघी गेल्या.