वाईसोमोच्या बाईला आलेलं उत्तर

सुवा बंदराच्या धक्क्यावर इलाइतिया एकवीस वर्षं बोटीची तिकिटं विकत होता. खिडकीशी माणूस आला की तो आधी गाव विचारायचा. गाव वाईसोमो निघालं की शिव्या सुरू. त्याचं नाताले आणि वाईसोमो ही ताउवू गावं, एकाच मूळपुरुषाची. त्यांनी भेटताक्षणी एकमेकांचा उद्धार करायचा, ही रीत: हे त्यांना चोर म्हणणार, ते यांना कासवखाऊ. मयतातसुद्धा, किंबहुना तिथे जास्तच.

कंपनीने खिडक्या बंद करायचं ठरवलं आणि कारकुनांसाठी वर्ग काढला. प्रत्येकाने तिकिटाचा चॅटबॉट बनवायचा. ज्याचा चांगला, तो नोकरीत राहणार. बाकीचे घरी.

पहिल्या आठवड्यात बॉटने नमस्कार केला. मग शब्द ओळखून उत्तरं द्यायला शिकला. शेवटी, काहीच कळलं नाही तर काय म्हणायचं, तेही शिकला. इलाइतियाने मध्येच गावाचा प्रश्न घातला आणि वाईसोमोसाठी खास उत्तर.

"मामा, तुमचा बॉट तिकीट विकतो की भांडण?" शेजारचा शलेंद्र म्हणाला.

"तुझा तर मुकाच आहे. लग्न लावून दे त्याचं."

शिकवणारी लोसालिनी हसली. "राहू द्या, मामा. लोकांना आवडेल."

परीक्षेच्या दिवशी खरे प्रवासी जोडले. संभाषण भिंतीवर दिसत होतं, कंपनीचे साहेब मागे बसून पाहत होते. नियम एकच: बनवणाऱ्याने कळफलकाला हात लावायचा नाही.

इलाइतियाच्या वाट्याला एक बाई आली. गाव, वाईसोमो.

बॉट म्हणाला, "मग तिकीट कशाला? तुम्हा चोरांना जाळ्यात बांधून मागून ओढत नेतो."

वर्ग हसला. तेवढ्यात बाईचं उत्तर उमटलं.

"माझा मुलगा शवपेटीत आहे. त्यालाही ओढत न्याल का रे, कासवखाऊंनो?"

ती रागावली नव्हती. तिने रीत पाळली होती आणि उत्तराची वाट पाहत होती. ते फक्त इलाइतियाला कळलं.

बॉट म्हणाला, "माफ करा, समजलं नाही. तिकिटासाठी एक दाबा, सामानासाठी दोन."

बाईने पुन्हा लिहिलं, "बोल ना. गप्प का बसलास?"

"माफ करा, समजलं नाही. तिकिटासाठी एक दाबा, सामानासाठी दोन."

इलाइतिया उठला.

"मामा, हात लावू नका," लोसालिनी हळूच म्हणाली. "साहेब बघतायत."

त्याने लिहिलं, "पोराला मधोमध ठेवतो, लाट लागणार नाही. तू मात्र डुकरांजवळ बस, ओळखीची असतील."

"आता कसं बोललास, चोरा," बाईने लिहिलं. मग तिने दोन दाबलं.

साहेबांनी इलाइतियाचं नाव खोडलं. नोकरी शलेंद्रला मिळाली. गावाचा प्रश्न प्रवाशांना आवडतो म्हणून त्याने तो आपल्या बॉटमध्ये घेतला, शिवी वगळली.

महिनाअखेरीस इलाइतिया घरी जायचं तिकीट काढायला धक्क्यावर गेला. खिडकीवर फळी ठोकलेली होती. त्याने फोन काढला.

"आपलं गाव कोणतं?"

"नाताले."

"धन्यवाद. तिकिटासाठी एक दाबा, सामानासाठी दोन."

त्याने एक दाबलं.