बेलचा दिवा

कल्याण स्टेशनजवळच्या त्या दुकानाची मला आजही किळस येते. दाराच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिंका, काउंटरच्या काचेवर हाताचं तेल, आणि एकाच डब्यात कोंबलेला माल: रेझिस्टर, दिवे, बटणं, मध्येच अर्धं बिस्किट.

मी गेले होते बाबांसाठी. त्यांना ऐकू येईनासं झालंय. कानातलं यंत्र टोचतं म्हणून दुपारी काढून ठेवतात, आणि मग बेल ऐकू येणार नाही या धास्तीने जेवण झालं की खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसतात. मी ऑफिसात, घरी दुसरं कोणी नाही. येऊन येऊन येणार कोण? टिटवाळ्याचा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. ते महाशय कधीच कळवून येत नाहीत. त्या एका माणसासाठी ऐंशी पार केलेले बाबा रोज झोपेवर पाणी सोडतात.

बाजारातली तयार, बिनतारी दिव्याची बेल आणली, तर ती शेजाऱ्यांच्या बटणावर पेटायची. मग म्हटलं, आपणच शिकू. बटण दाबलं की बाबांच्या दिवाणाजवळ लख्ख दिवा लागेल आणि थोडा वेळ लागलेलाच राहील. व्हिडिओ बघून बघून काय काय लागतं ते समजून घेतलं आणि दुकान गाठलं.

दुकानदाराने मान वर न करताच विचारलं, "शाळेचा प्रोजेक्ट ना? रेडीच घेऊन जा ना ताई. मुलाचं नाव टाकून देतो."

मागच्या फळीवर थर्माकोलची पवनचक्की, ट्रॅफिक सिग्नल, टाकी भरली की वाजणारा भोंगा, सगळं मांडून ठेवलेलं. माझ्या शेजारी कुणा मुलाचे चांगले शिकलेसवरलेले आईवडील सिग्नल निवडत होते. "जरा हाताने केल्यासारखा दिसेल असा द्या हं," आई म्हणाली. त्याने खरंच एक वाकडा शोधून दिला. मला शिसारी आली.

मी कपॅसिटर मागितला. वीज थोडा वेळ साठवून ठेवणारी ही छोटीशी नळकांडी. बटण सोडल्यावरही दिवा हिच्यामुळेच टिकणार होता. त्याने डब्यात बोटं फिरवून भलत्याच आकड्याचा काढला.

"हा नाही, मी सांगितला तोच द्या."

"चालतो ओ ताई, सगळे हाच नेतात."

वाद घातल्यावर हवा तो मिळाला. त्याचे पाय आखूड होते आणि टोकांवर डाखाचे, म्हणजे सोल्डरिंगचे, चकाकते थेंब. मला वाटलं, कंपनीतून असेच येत असतील.

दिवा लागला. बाबांनी मला पुन्हा पुन्हा बाहेर पाठवून बटण दाबायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी दिवाणावर आडवे होऊ लागले. रविवारी तर चक्क घोरत होते. मला फार बरं वाटलं.

एका संध्याकाळी घरी आले, तर कडीला पिशवी अडकवलेली. आत अळूची पानं, कोमेजलेली. टिटवाळ्याच्या मित्राच्या परसातली. ते येऊन गेल्याचा बाबांना काही पत्ताच नव्हता. मी बटण दाबलं. पापणी लवावी तेवढाच दिवा लागला आणि विझला.

वागळे इस्टेटमधल्या एका बऱ्या दुकानातून दुसरा कपॅसिटर आणला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नव्याचे पाय लांब आणि कोरे असतात. माझ्या गळ्यात मारलेला कुठल्यातरी भंगार टीव्हीतून उपटून, पुसूनबिसून ठेवलेला होता. तो घेऊन मी तडक कल्याणला गेले.

"आठवडाभर चालला ना?" तो वर तोंड करून म्हणाला. "प्रोजेक्टला तर एक दिवस बास होतो, ताई."

तळपायाची आग मस्तकात गेली. तो कपॅसिटर त्याच्या काउंटरवर टाकला आणि घरी येऊन आधी हात धुतले.

आता दिवा चोख लागतो. टिटवाळ्याला फोन करून माफी मागितली. "येईन की," एवढंच ते म्हणाले. अजून आलेले नाहीत. बाबांना मी नवा कपॅसिटर दाखवला, त्याचे लांब पाय दाखवले, बटण दाबून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

पण जेवण झालं की खुर्ची ओढतातच. फक्त तिचं तोंड आता दाराकडे नसतं. दिव्याकडे असतं.