बेल्टच्या टोकाचा गाळ

मोगऱ्याच्या सेंटने मला मळमळतं. काही वर्षांपूर्वी धरणगावला जुनी गाडी बघायला गेलो, तेव्हा आत हाच वास कोंडलेला होता. "बठ्ठी वरिजिनल शे भाऊ," असं म्हणत, सगळी ओरिजिनल असल्याची ग्वाही देत मालकाने स्वतःच आणलेला नारळ चाकापुढे फोडला आणि माझ्या आईने बॉनेटला कुंकू लावलं. मग कुठे मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाला पुराचा वाळका गाळ चिकटला होता आणि त्याला सडक्या डबक्याचा वास मारत होता. "पूजा झाली, आता नाही म्हणू नये," आई पुटपुटली. मालक खोबरं चघळत उभा होता. ती गाडी मी घेतली. आज तिच्यात मोगऱ्याचा सेंट मीच लावलाय. उद्या धुळ्याहून गिऱ्हाईक येतंय. नारळही आणून ठेवलाय.