रज्जाकबरोबर, पेटी उतरवून आणायला

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी मी आणि माझा मित्र रज्जाक मुलाणी इंदापूरहून पहिल्या एसटीने पुण्याला गेलो. बरोबर आमच्या भजनी मंडळाची पेटी होती. दत्तजयंती आठवड्यावर आली होती आणि रज्जाकच्या म्हणण्यानुसार पेटीचे वरचे सूर चढले होते, म्हणजे आपली जागा सोडून वर सरकले होते. ही पेटी तो ऐन तिशीपासून वाजवतो. आता साठी उलटली आहे. मंडळात त्याच्या कानावर शंका घेण्याची पद्धत नाही. पेटी बिघडली असे तो म्हणाला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पेटी टपावर टाकायला रज्जाक तयार झाला नाही. ती आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवी होती. भिगवणनंतर आपल्याला पाय आहेत की नाहीत हे मला कळेनासे झाले.

स्वारगेटला उतरलो. रिक्षावाल्याने पेटीकडे पाहिले.

"दोघं की तिघं?"

"दोघंच," मी म्हणालो.

"मग तिसऱ्याला मांडीवर घ्या. सीटला ओरखडे नकोत."

नारायण पेठेतले दुरुस्तीचे दुकान एका घराच्या ओसरीवर होते. दुकानदार पन्नाशीचे, गळ्यात मफलर. आमच्याआधी दोन गिऱ्हाइके होती. आमचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. त्यांनी पेटीची एकेक पट्टी सावकाश दाबली, शेजारी ठेवलेल्या स्वतःच्या पेटीशी प्रत्येक सूर ताडून पाहिला आणि झाकण लावले.

"सूर जागेवर आहेत. भात्याला चीर आहे, तेवढी बुजवतो."

"वरचा पंचम चढलाय," रज्जाक म्हणाला.

"अहो, नाही चढलेला."

"मला ऐकू येतंय की."

"मलाही येतंय. दोघांना वेगवेगळं येतंय, एवढंच."

रज्जाकचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "तीस वर्सं वाजिवतोय मी. तुमी उतरवून द्या."

दुकानदारांनी आवाज चढवला नाही. आतली पितळी पट्टी बुडाशी घासली की सूर उतरतो, हे त्यांनी आम्हाला समजावले. "घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. आपण म्हणत असाल तर घासतो, पण किती ते समोर बसून सांगायचं. आता जेवणाची वेळ. चारला या."

पेटी तिथेच ठेवून आम्ही बाहेर पडलो. रज्जाक पुण्याला याआधी एकदाच आला होता, लग्नाच्या बस्त्याला. मी त्याला लक्ष्मी रस्ता दाखवला. तो दुकानांकडे पाहत नव्हता.

एका छोट्या हॉटेलात मटार उसळ आणि स्लाइस (पावाचे काप) मागवले. वाढणाऱ्याने बशा टेकवल्या.

"रस्सा परत हवा असेल तर आत्ताच सांगा. नंतर मी ऐकत नाही."

"कानाचं काय तरी करा मग," रज्जाक म्हणाला. वाढणारा हसला नाही, पण रस्सा दोनदा आणला. उसळ गोडसर होती. रज्जाकने माझ्या बशीतले मटार स्वतःच्या बशीत ओढले. शाळेत असल्यापासून तो हे करतो.

तिथून बुधवार पेठेत गेलो. रेडिओ आणि कॅसेटच्या दुकानांची ओळ आहे तिथे एक दुकानदार गिऱ्हाइकाला स्पीकर लावून दाखवत होता. आमच्या भजनातलाच अभंग होता. रज्जाक थांबला.

"ही कॅसेट बी चढलीय."

पुढे दगडूशेठ गणपतीपाशी गर्दी होती. बाहेरूनच हात जोडले. आत कोणीतरी घंटा वाजवली. रज्जाकने मान वळवून ऐकले. शेजारून एक फुगेवाला पिपाणी वाजवत गेला, तीही त्याने ऐकली.

"वसंता," तो म्हणाला, "आख्खं पुनं चढलंय का रं?"

मी हसलो. तोही हसला. मग त्याचे हसू थांबले.

आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. पुन्हा घंटा झाली तेव्हा त्याने डाव्या कानात बोट घातले. पुढच्या घंटेला उजव्या. असे त्याने बऱ्याच वेळा केले.

"उजव्यानं चढतंय," तो शेवटी म्हणाला. "डाव्यानं सरळ हाय." थोड्या वेळाने म्हणाला, "भजनात उजव्या हाताला तूच बसतोस. मला वाटायचं, तूच चढा गातोस."

"मग सांगायचंस की."

"दोस्ताला कसं सांगायचं?"

चारला आम्ही दुकानात परतलो. दुकानदारांनी पेटी उघडून ठेवली होती. शेजारी कानस होती. रज्जाकने ती उचलून बाजूला ठेवली.

"पेटी बरोबर हाय. माझा कान फिरलाय. भाता तेवढा करा."

दुकानदारांनी कानस खणात टाकली. "बसा," ते म्हणाले. "चहा घेता ना?" त्यांनी चीर बुजवली. मग भाता हलवायला स्वतः बसले आणि रज्जाकला वाजवायला लावले. रज्जाकने तळव्याने उजवा कान झाकून एका हाताने भूप वाजवला. वरच्या पंचमावर तो बराच वेळ थांबला.

परतीच्या एसटीत पेटी पुन्हा मांडीवर होती. रज्जाकने मला डावीकडे बसवले. यवतच्या पुढे तो म्हणाला, "मंडळात सांगावं लागंल. दुसऱ्या कुनाला बसवा म्हनलं तर काय करायचं?"

मी पेटी जरा माझ्या मांडीवर ओढून घेतली.

गावातल्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात कान तपासला. उजव्या कानाची नस कमजोर झाली आहे. यंत्राने आवाज मोठा होईल, सूर जागेवर येईल याची खात्री नाही, असे ते म्हणाले.

दत्तजयंतीला भजन सुरू होण्याआधी रज्जाकने देवळात सगळ्यांना हे सांगितले. पेटी त्याने मधोमध ठेवली आणि आपण मागे सरकून बसला. मग पखवाजवाले तात्या म्हणाले, "रज्जाकभाई, सांगून झालं असंल तर षड्ज द्या. जन्माची वेळ व्हायला आली."

सूर्यास्ताला पाळणा झाला. त्याची आणि त्यानंतरच्या आरतीची पेटी रज्जाकने वाजवली. त्याच्या उजव्या कानात कापसाचा बोळा होता. मी त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो.