लूम थांबल्यावर झोपणारा माणूस

भिवंडीचं नाव कुणी काढलं की मला आधी एक गल्ली ऐकू येते आणि मग एक हातगाडीवाला डोळ्यांसमोर उभा राहतो. नोकरीत खुनाचे तपास केले, दरोड्यांचे केले. त्यातले पुष्कळसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका साध्या शिलाई मशीनच्या चोरीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात चोराआधी मी चुकलो होतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. फौजदार म्हणून ती माझी पहिलीच नेमणूक. मी साताऱ्याकडचा, रात्री कुत्रं भुंकलं तरी जागा होणारा. भिवंडीत आलो आणि महिनाभर डोळ्याला डोळा लागला नाही. गल्लोगल्ली कौलारू शेड आणि शेडमध्ये अहोरात्र चालणारे लूम, म्हणजे विजेवरचे कापडाचे माग. भिंतीला टेकून बसलं तर खटखट पाठीत जाणवायची. माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. नवख्याला वाटावं, भांडण जुंपलंय. पाळी सुटली की भुवयांना, मिशांना कापसाची भुरी लागलेले कामगार टपरीवर जमत आणि बशीत ओतून चहा पीत. कल्याणकडे जाणारे टांगे, सुताच्या गोण्या वाहणाऱ्या हातगाड्या, खानावळीतून येणारा डाळीच्या फोडणीचा वास. खानावळीला तिथं बिशी म्हणतात. तेव्हा त्या सगळ्याचा वैताग यायचा. आता त्या गल्लीत नुसतं एकदा उभं राहायला मिळावं म्हणून जीव तुटतो.

त्या गल्लीत एक शिलाई करणारी बाई राहत होती. नवऱ्यानं टाकलेली, पदरात दोन मुली. एका सोमवारी ती कपडे पोचवायला गेली आणि संध्याकाळी परतली तर दाराची कडी उचकटलेली, मशीन गायब. ठाण्यात येऊन तिनं फिर्याद दिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "साहब, मशीन गया तो समझो मेरे दोनों हाथ गये."

मंगळवारी सकाळी खबर आपण होऊन चालत आली. बाईच्या समोरच्या खोलीत राहणारा एक लूम कामगार ठाण्यात आला. स्वच्छ सदरा, बोलणं अदबीचं, आणि विशेष म्हणजे आमच्याच साताऱ्याकडचा. त्या परक्या गावात गावाकडची बोली कानावर पडली आणि मी विरघळलो. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, नाव घ्यायला जीव धजत नाही," तो म्हणाला, "पण कोपऱ्यावर गाडी लावतो ना, त्या हातगाडीवाल्याला मी काल एकच्या सुमारास बघितलं. गोणपाटाखाली काहीतरी जड झाकून नेत होता. मला रातपाळी होती, मी जाऊन झोपलो. जाग आली ती पाच वाजता, बाईच्या ओरडण्यानंच."

आम्ही हातगाडी तपासली. फळ्यांच्या फटीत मशीनच्या तेलाची छोटी कुपी अडकलेली मिळाली. बाईनं ती ओळखली, पण लगेच म्हणाली, "वो नहीं ले सकता, साहब. ये मशीन तो उसीने मेरे घर लाके रखा था." मी तिचं म्हणणं ऐकलं आणि सोडून दिलं. पंचनामा झाला, स्टेशन डायरीत नोंद झाली आणि हातगाडीवाल्याला अटक झाली.

तो जवळच्याच राहनाळ गावचा. पन्नाशीचा, हडकुळा, उन्हानं रापलेला. चौकशीत मी त्याला अडीच तास उभा ठेवला.

"काल दुपारी कुठं होतास?"

"घरा गेलतो, साहेब. रविवारी पोरीचा साखरपुडा हाय. वडपे गावची सोयरीक हाय."

"गाडी?"

"गाडी हितंच हुती. चारला आलो त गाडीचा तोंड फिरलेला. मी नाक्याकडं तोंड करून लावतो, ती गल्लीकडं फिरलेली हुती."

मी हसलो. म्हटलं, "गाडी आपली आपण फिरली काय?"

"मी न्हाय नेला मशीन. पोरीची आन हाय."

राहनाळहून त्याचा भाऊ आणि दोन शेजारी आले, दुपारी तो घरीच होता असं सांगू लागले. घरचे साक्षीदार घरच्यासारखंच बोलणार, असं म्हणून मी त्यांचे जबाब जेमतेम चार ओळींत उरकले. बुधवारी कोर्टातून पोलीस कोठडी घेतली. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यानं मला एकच विनंती केली. "रविवारच्या आत सोडा साहेब. वडप्याला कललं, त पोरगी घरात बसल." मी म्हणालो, मशीन कुठं आहे ते सांग, आत्ता सोडतो.

गुरुवारी दुपारी मी बीट हवालदाराला घेऊन त्या गल्लीत गेलो. बिशी चालवणाऱ्या मावशींच्या ओट्यावर बसून जबाब लिहीत होतो, तेवढ्यात वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले. गल्लीत अशी शांतता पसरली की माझ्या लेखणीची कुरकुर मला ऐकू आली. मनात म्हटलं, चला, रातपाळीवाल्यांना आता तरी निवांत झोप लागेल.

आणि दारं उघडायला लागली. लुंगी सावरत, डोळे चोळत एकेक माणूस बाहेर आला. बघता बघता दहा-पंधरा जण ओट्यांवर येऊन बसले. कुणी कॅरम काढला, कुणी विडी पेटवली.

मी मावशींना विचारलं, "हे सगळे उठले कशाला?"

मावशी मोठ्यानं हसल्या. "साहेब, तुमी अजून पाहुणेच हाव. लाईट गेल्यावर हितं कोन झोपतंय? लूम चालू हाय तवर मानूस मेल्यावानी झोपतो. खटखट बंद झाली का झोप उडालीच! माजा नातू तीन म्हयन्याचा हाय, त्यो पन रडत उठतो."

"असं नेहमी होतं?"

"सोमवारी पन झालं. दोनला गेली ती साडेतीनला आली. सगळी गल्ली हितंच बसलेली. मीच सगळ्यांना चहा पाजला."

माझ्या हातातली लेखणी थांबली. खबर देणाऱ्या त्या कामगाराच्या कुलूप लावलेल्या खोलीकडे बोट करून मी विचारलं, "हा होता?"

मावशींनी आठवून पाहिलं. "न्हाय. त्यो नव्हता. दार बंदच हुतं त्याचं."

त्या कामगाराला ठाण्यात बोलावलं. पुन्हा तीच खुर्ची दिली, चहाही दिला. गावाकडच्या पिकापाण्याच्या गप्पा झाल्या. मग सहज विचारलं, "सोमवारी दुपारी झोप लागली होती का नीट?"

"एकदम गाढ, साहेब. एक ते पाच. कूससुद्धा बदलली नाही."

"लूमच्या आवाजात?"

"आता सवयच झालीय. त्या खटखटीतच झोप लागते."

"मग दोन वाजता लाईट गेली तेव्हा कसा उठला नाहीस?"

त्यानं बशी खाली ठेवली. लाईट गेली होती हेच त्याला माहीत नव्हतं. तासाभरात त्यानं सगळं कबूल केलं. हातगाडीवाला घरी गेल्याचं पाहून त्यानं त्याचीच गाडी ओढली होती. लूमच्या आवाजात कडी उचकटल्याचं कुणाला ऐकू गेलं नाही, आणि त्या गल्लीत गोणपाट घातलेल्या गाडीकडे बघतो कोण? मशीन नेऊन ठेवलं होतं मेहुण्याच्या शेतावरच्या घरात. तिथं ना वीज, ना लूम. तिथून परतेपर्यंत गल्लीतले लूम पुन्हा सुरू झाले होते. दोन पंचांसमक्ष आम्ही मुद्देमाल हस्तगत केला.

शुक्रवारी कोर्टाला अहवाल देऊन हातगाडीवाल्याला सोडलं. तीन रात्री त्यानं कोठडीत काढल्या होत्या. वडप्याला बातमी पोचलीच होती. मला राहवेना. शनिवारी सकाळी त्याला जीपमध्ये बसवलं आणि वर्दीतच वडप्याला, नवऱ्या मुलाच्या घरी गेलो. अंगणात अख्खी आळी गोळा झाली. मी मुलाच्या वडिलांना म्हणालो, "हा माणूस निर्दोष आहे. चूक माझी झाली, माफ करा. त्यापायी सोयरीक मोडू नका."

म्हाताऱ्यानं मला पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी पिईपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, "मोडली कोनी, साहेब? आमी याला वीस वर्सं वलखतो. तुमी धरला म्हनून त्यो चोर झाला व्हय? रविवारी तुमीपन जेवायला या."

मी गेलो. पंगतीत हातगाडीवाल्यानं मला स्वतः वाढलं, आग्रह करकरून. कोठडीबद्दल तो तेव्हा काही बोलला नाही आणि पुढं कधीच बोलला नाही. नाक्यावर दिसला की हात वर करायचा.

पोलिसाला कायदा शिकवतात, पण गल्ली त्याला स्वतःच शिकावी लागते. त्यानंतर कुठंही बदली झाली, तरी पहिला आठवडा मी तिथल्या ओट्यांवर बसून काढला. आपल्याकडचा माणूस म्हणून कुणाला जास्तीची खुर्ची दिली नाही आणि घरच्यांचे जबाबही पूर्ण लिहून घेतले. हे सगळं मी शिकलो, पण त्याची किंमत माझ्या खिशातून गेली नव्हती. वडप्याच्या त्या अंगणात मी माफी मागितली ती व्याह्याची. हातगाडीवाला माझ्या शेजारीच उभा होता. त्याची माफी मागायची राहूनच गेली.