गणपतचा बिल्ला

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगलच केली... त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी भिसेगावचा, कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. बॉयलरचा धूर चिमणीत जाण्याआधी एका लोखंडी खोलीतून जायचा. आत उभे पत्रे, मधे तारा. तारांत हजारो व्होल्ट सोडले की धुरातली राख पत्र्यांना चिकटायची. चालू असताना आत माणूस राहिला तर – संपलंच.

म्हणून नियम असा, की आत जाताना आपला पितळी बिल्ला दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढायचा. संध्याकाळी मात्र माझा आणि फिटर गणपतचा, दोन्ही बिल्ले गेटवर मीच जमा करायचो. त्या दुपारी आम्ही दोघं आत साफसफाई करत होतो. मी आधी बाहेर आलो आणि सवयीने दोन्ही बिल्ले खिशात टाकले. मग वळून पाहिलं... खिळे रिकामे. म्हणजे गणपतही बाहेर! स्वतःच रिकाम्या केलेल्या खिळ्यांवर विश्वास ठेवणारा शहाणा मीच. दाराला कुलूप घातलं. त्याची एकुलती एक चावी पलीकडच्या पॅनेलमध्ये घातल्याशिवाय वीज सुरू होत नसे. घातली, बटण दाबलं. रुमाल काढायला खिशात हात घातला – दोन बिल्ले.

बटण बंद केलं, चावी घेऊन धावलो, कुलूप काढलं. भीती, रडू... काहीच आलं नाही. दुसऱ्याच कुणाचे तरी हातपाय वापरतोय असं वाटत होतं. आत फक्त गणपतचा पाना पडलेला.

गणपत मागच्या बाजूला विडी ओढत बसला होता. बाहेर कसा आलास, विचारलं.

"दार लागून अंधार झाला, मंग तूच तं दार उघडून हाक मारलीस. एरवी तुजी हाक म्हंजे मस्करी. आज हसत नव्हतास, म्हनून आलो."

मी त्याला सगळं सांगितलं – बिल्ले, कुलूप, चावी. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने विडी विझवली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"मंग भाईर आलो तो मीच ना रं?"

मी खिशातून त्याचा बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला.

गणपत आता नातवंडांत रमलाय. भेटला की तेच विचारतो, तसंच, हातांकडे बघत. मी हो म्हणतो. कशावरून, ते मला आजही माहीत नाही.