उकंडराव गुरुजींचं तुवालू

आमच्या गावच्या उकंडराव गुरुजींनी समुद्र कधी पाहिला नाही. गाडी शेगावच्या पुढे गेली की त्यांना मळमळतं. पण प्रशांत महासागरातल्या तुवालू या देशावर त्यांची अशी मालकी, की तिथं कोणी नारळ लावायचा तरी यांना विचारूनच लावावा. सगळी मिळून नऊ बेटं, आपल्याकडच्या दोन-तीन गावांच्या शिवारात मावतील एवढी. जन्मभर भूगोल शिकवून गुरुजींच्या हाती एवढंच लागलं, आणि त्या जोरावर त्यांनी गावातल्या कित्येक सोयरिकी मोडल्या.

पूर्वी मुलगी पाहायला जाताना 'चार शब्द विचारायला' गुरुजींना सोबत न्यायची रीत होती. मुलगी पोह्यांच्या बशा ठेवून खाली मान घालून बसली, की गुरुजी विचारत, तुवालूची राजधानी कोणती? ती बिचारी आईकडे पाही. मग गुरुजी ओठ मुरडत, सामान्यज्ञान कच्चं आहे म्हणत आणि पोहे संपवून उठत. लोकही असे शहाणे, की मान डोलावून त्यांच्यामागे उठत.

आता वारं फिरलंय. शेती करणाऱ्या मुलाला मुलीच नाही म्हणतात. गुरुजींचा ज्ञानेश्वर पस्तिशीला टेकला. ओलिताची जमीन, सुपारीचंही व्यसन नाही, तरी लग्न जमेना. जमत आलेल्या दोन ठिकाणी गुरुजींनी तोंड उघडलं होतं. म्हणून हिवरा आश्रमाकडचं स्थळ आलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, जनकाबाईनं, हात जोडून विनवलं, की या वेळी काही विचारू नका. गुरुजींनी कबूल केलं. गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो.

चहा येईपर्यंत गुरुजींनी कळ काढली. मग आलाच प्रश्न.

मुलगी पूनम. एम. ए. झालेली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. तिनं शांतपणे सांगितलं, फुनाफुती. गुरुजींना चेव आला. आधी राज्य कोणाचं? इंग्रजांचं, तेव्हा नाव एलिस बेटं, शेजारच्या गिल्बर्ट बेटांना जोडलेली, पुढं वेगळी झाली आणि १९७८ साली स्वतंत्र. लोकांचं पोट कशावर चालतं? परक्या बोटींना मासेमारीचे परवाने विकतात, इंटरनेटवरचं आपलं '.टीव्ही' हे नावही भाड्यानं देतात. गुरुजी इतके खूश झाले, की तिच्या बापाला म्हणाले, "पोरगी पास." जसं काही त्या घरानं यांच्याकडे निकाल मागितला होता. जनकाबाईनं मात्र पदरानं डोळे पुसले. ज्ञानेश्वर हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा पूनम म्हणाली, मलाही एक विचारायचं आहे. गुरुजी सरसावून बसले, पण ती ज्ञानेश्वरकडे वळली.

"तिथं नदी नाही, जमिनीतलं पाणी खारं. म्हणून घरोघरी पावसाचं पाणी टाकीत साठवतात. तुमच्या घरी पाणी कोण भरते?"

"माय भरते," ज्ञानेश्वर म्हणाला. भोळेपणानंच म्हणाला. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. एरवी साठी ओलांडलेली जनकाबाई शेतातल्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणते. घरात दोन धडधाकट पुरुष आणि दारात मोटारसायकल.

"अन् मी आल्यावर?"

ज्ञानेश्वरनं बापाकडे पाहिलं. बापानं पंख्याकडे. फुनाफुतीला वर्षाला किती पाऊस पडतो हे त्यांना पाठ होतं; घरातला भरलेला हंडा त्यांनी उचलून पाहिला नव्हता. पूनम रिकाम्या कपबशा घेऊन आत गेली. तिच्या वडिलांनी आम्हाला फाटकापर्यंत येऊन नमस्कार केला, आणि नमस्काराचा अर्थ सगळ्यांना कळला.

आम्ही परतीची वाट धरली. मेहकर मागं पडल्यावर ज्ञानेश्वरनं तोंड उघडलं.

"बाबा, तुमी तिले इतके प्रश्न इचारले, तिनं सारे सांगतले. मले तिनं एकच इचारला. मी नापास झालो."

मागच्या सीटवर जनकाबाई रडत होती. गुरुजी खिडकीबाहेर बघत बसले होते.

"तिले तिथलं चलन इचाराचं राह्यलं," ते म्हणाले. "तिथंच अडकली असती."